भीतीची ओळ

पहाटे पाऊस थांबला तसा सदाशिव बोरसे दाताळं खांद्यावर टाकून अथालच्या माळावर आला. कापून पसरलेलं गवत जमिनीला चिकटून बसलं होतं. दिवाळी होऊन गेली होती. एरवी या दिवसांत माळावर नुसतं ऊन आणि वाळल्या गवताचा गोड वास असायचा. यंदा आभाळ फिरलं होतं. सदाशिवनं वाकून मूठभर गवत उचललं आणि पिळलं. मनगटावरून पाणी ओघळलं. त्यानं ते नाकाशी नेलं. अजून कुजका वास आला नव्हता. ऊन पडलं आणि गवत खालीवर होत राहिलं, तर वाचणार होतं.

त्याच्या उजव्या हाताला दोन बोटं कमी होती. शिरपूरकडचं गाव सोडून तो सिल्वासाला सुताच्या कारखान्यात लागला होता, तेव्हा ती मशीननं नेली. मग कारखान्यानंही त्याला ठेवलं नाही. तेव्हापासून दोन म्हशी, भाड्यानं घेतलेला हा माळ आणि पावसाळ्यानंतर मुंबईच्या तबेल्यांना जाणारं गवत, यावर घर चाललं होतं. सौरभ आणि धनश्री ही दोन्ही लेकरं या गवतातच वाढली. धनश्री आता सिल्वासाच्या कॉलेजात शिकत होती. सौरभ फौजेत गेला. गेल्या मे महिन्यात सरहद्दीवर तोफा सुरू झाल्या आणि चौथ्या दिवशी त्याच्या मोर्च्यावर गोळा पडला. तिरंग्यात गुंडाळलेली पेटी अथालला आली. पेटीचं झाकण कुणी उघडू दिलं नाही.

त्याची बायको मालती आणि धनश्री मागून आल्या. रमतीबेन तिच्या पाड्यावरच्या बायकांना घेऊन आली. ती वारली समाजाची, वयानं सदाशिवपेक्षा मोठी, हाडांची काटक. सदाशिवनं पहिल्यांदा माळ घेतला तेव्हापासून ती त्याच्या कापणीला होती. बाकीच्या मजूर बायकांच्या सुना-लेकी कारखान्यांत पॅकिंगला जायला लागल्या होत्या. गवताला आता हात मिळत नव्हते.

"बोरसेभाय, सूर्य निंघल का आज?" रमतीबेननं पदर कंबरेला खोचत विचारलं.

"निघाला पाहिजे," सदाशिव म्हणाला आणि दाताळं गवतात घातलं.

ऊन चांगलं वर आलं तेव्हा रस्त्यावर एक स्कूटर थांबली. चपला हातात घेऊन, चिखलातून पाय उचलत एक बाई माळावर येऊ लागली. जवळ आल्यावर मालतीनं ओळखलं. सुप्रिया मॅडम होत्या. सौरभला मराठी त्यांनीच शिकवलं होतं. मूळच्या त्या रत्नागिरीकडच्या, आता सिल्वासात टोकरखाड्याला राहायच्या. सौरभ फौजेत गेल्यावरही कविता लिहून त्यांना आणि धनश्रीला मोबाइलवर पाठवायचा, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. सदाशिवनं मात्र त्या कधी ऐकल्या नव्हत्या. पोरगं काहीतरी लिहितं, एवढंच त्याच्या कानावर होतं.

"सदाशिवभाऊ, रविवारी शाळेत कार्यक्रम ठेवलाय," मॅडम म्हणाल्या. "वाचनालयाच्या खोलीला सौरभचं नाव देतोय. त्याच्या कवितांचं छोटंसं पुस्तकही छापतोय. मला वाटतं, त्यातली एक कविता तुम्ही वाचावी. तुमच्यासाठीच लिहिलीय त्यानं."

"मले कुठं वाचता येतं मॅडम? पेपर वाचतो, तो बी अक्षरं लावत लावत."

"लावत लावत वाचा. ऐका तरी आधी."

त्यांनी पिशवीतून छापलेले कागद काढले. बायकांचे हात थांबले. मॅडम उन्हात उभ्या राहून वाचू लागल्या.

"आबा, रात्री तोफ बोलते
तेव्हा मी झोपल्याचं सोंग घेतो.
डोळे मिटले तरी कान उघडेच राहतात.
मला भीती वाटते, आबा..."

"थांबा," सदाशिव म्हणाला.

मॅडम थांबल्या. दाताळ्याच्या दांड्यावर सदाशिवची मूठ आवळली होती.

"हे छापू नका."

"कविता?"

"ती ओळ. भीतीची. बाकीचं काय असेल ते असू द्या."

"ती त्यानं लिहिलीय भाऊ. मी कशी काढणार?"

"तुम्ही त्याच्या बाई ना. शाळेत त्याचं चुकलेलं तुम्हीच खोडायच्या."

मॅडमचा चेहरा उतरला. त्यांनी कागदांची घडी केली. "हे चुकलेलं नाही," त्या हळूच म्हणाल्या. "तुमची परवानगी नसेल तर आख्खी कविताच बाजूला ठेवीन. पण ओळ काढणार नाही. शनिवारपर्यंत मला सांगा." कागद त्यांनी मालतीच्या हातात दिले आणि आल्या तशा चिखलातून निघून गेल्या.

सदाशिवनं पुन्हा दाताळं चालवायला घेतलं. त्याचा हात असा काही चालत होता, की गवताबरोबर मातीही उपटून येत होती. रमतीबेननं एकदा त्याच्याकडे पाहिलं आणि मान खाली घालून ती आपल्या ओळीत पुढे सरकली.

संध्याकाळी मालती म्हशीखाली बसली होती. घर म्हणजे दोन खोल्या आणि त्यांना लागूनच गोठा. पुढच्या खोलीत गणवेशातल्या सौरभचा फोटो होता. येणारा-जाणारा त्याला हात जोडायचा आणि मग पाणी मागायचा. सदाशिव उंबऱ्यावर बसून विळ्याला धार लावत होता.

"ते कागद कुठं ठेवले?" त्यानं विचारलं.

"धनूजवळ हायेत." दुधाची धार बादलीत पडत राहिली. "मले ती पूर्ण पाठ हाय."

"कधी झाली?"

"धनू वाचून दाखवते ना. तुम्ही म्हशी घेऊन जाता तेव्हा."

सदाशिवनं विळा दगडावर ओढला. "आणि तुले ते चालतं? आख्ख्या गावासमोर, मोठमोठ्या लोकांसमोर, पोरगं म्हणतं मले भीती वाटते?"

मालतीनं म्हशीच्या कुशीला टेकवलेलं डोकं उचललं. "मे महिन्यापासून जो येतो तो मले सांगतो, तुमचा पोरगा वाघ होता. मी काय वाघाला जन्म दिला व्हता? त्याला वांग्याची भाजी आवडत नव्हती. बूट चावला तर त्याचा पाय सुजायचा. मले माझं पोरगं पाहिजे. ते या कागदातच बोलतं, दुसऱ्या कुठं बोलत नई."

"लोक हसतील."

"हसू द्या."

"तुले कळत नई मालती." सदाशिवचा आवाज एकदम खाली गेला. "लोक म्हणतील भ्याला. पळत असताना मेला म्हणतील."

दुधाची धार थांबली. आतून धनश्री दारात आली आणि चौकट धरून उभी राहिली. हे वाक्य त्या घरात याआधी कुणी उच्चारलं नव्हतं.

"फौजेचे साहेब तर सांगून गेले," मालती म्हणाली. "शेवटपर्यंत लढला म्हणे."

"साहेब सगळ्यांनाच तसं सांगतात. त्यांना सांगावं लागतं. पेटी उघडू दिली नई. गोळा छातीवर लागला का पाठीवर, कोणी पाहिलं?"

"पाठीवर लागला असता तर काय तो माझा राहिला नसता?"

विळ्याला पुरेशी धार आली होती, तरी सदाशिव तो ओढत राहिला. शेवटी धनश्रीनं त्याच्या हातातून दगड काढून घेतला.

दोन दिवस ऊन चांगलं पडलं. माळाच्या वरच्या अंगाचं गवत वाळलं, खालच्या अंगाचं मात्र आतून ओलं होतं. पण पुन्हा ढग दिसायला लागले होते आणि टेम्पोवाला आज नाही तर आठवडाभर येणार नव्हता. सदाशिवनं मनाचा हिय्या करून गवत भरलं. वाळलेलं वर, जरा दमट खाली. असं करायचा त्याचा रिवाज नव्हता. दादऱ्याच्या वखारीवर टेम्पो लागला.

वखार म्हणजे पत्र्याची मोठी शेड. तिथं गवत दाबून गठ्ठे बांधायचे आणि ट्रक भरून मुंबईला पाठवायचे. तपासणाऱ्या पोरानं लोखंडी सळई गवतात आरपार खुपसली, बाहेर काढली आणि टोकाला बोट लावलं.

"अंदर से गीला है. वापस ले जाओ."

"थोडं दमट हाय भाऊ. शेडमध्ये पसरलं तर..."

"काका, गंजी में आग लग जाएगी. वापस."

पोराचं बरोबर होतं. दमट गवत दाबलं तर आतून तापतं, हे सदाशिवलाही माहीत होतं. तो टेम्पोकडे वळला, तेवढ्यात आतून वखारीचा मॅनेजर बाहेर आला. त्यानं सदाशिवला नीट पाहिलं आणि कपाळाला हात लावला.

"अरे, आप तो अथालवाले ना? शहीद के पिताजी?" तो पोरावर गरजला, "ले लो, ले लो. सूखे के भाव में ले लो. इनके बेटे ने देश के लिए जान दी है. हम इतना नहीं कर सकते?"

आजूबाजूचे हमाल थांबून पाहू लागले. एकानं डोक्यावरची टोपी काढली. मॅनेजरनं सदाशिवचे दोन्ही हात हातात घेतले. त्याच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं. "डरना क्या होता है, इन लोगों को पता ही नहीं होता," तो हमालांना सांगत होता. "शेर होते हैं, शेर."

सदाशिवनं आपले हात हळूच सोडवून घेतले. तुटक्या बोटांची जागा मॅनेजरच्या तळव्यात आली होती, ती त्याला नकोशी झाली. हमाल गवत उतरवायला टेम्पोवर चढले, तसा तो पुढे झाला.

"उतरवू नका."

"क्यों? ले तो रहे हैं."

"गवत ओलं हाय," सदाशिव म्हणाला. "मी ओलं आणलं. सुकलं का घेऊन येतो."

"अरे बाबा, बोला ना, चलेगा."

"नई चालणार." तो टेम्पोवर चढला आणि सुटलेली दोरी पुन्हा ताणून बांधू लागला. त्याच्या अपुऱ्या मुठीतून दोरी निसटत होती. खालून कुणीतरी मदतीला हात पुढे केला, पण त्यानं घेतला नाही. गुडघा गवतावर रोवून, दोरी दातांत धरून त्यानं गाठ मारली. परतीच्या वाटेवर टेम्पोवाला कुरकुरत होता. सदाशिव काचेबाहेर बघत बसला. आपलं ओलं गवत आज पोराच्या नावावर खपत होतं, एवढंच त्याच्या डोक्यात फिरत राहिलं.

दुसऱ्या दिवशी ते सगळं गवत पुन्हा माळावर पसरायचं काम निघालं. गुरुवारचा दिवस. ऊन कडक होतं. जेवणाच्या सुट्टीला बायका गंजीच्या सावलीत बसल्या. सदाशिव गंजीच्या पलीकडे एकटाच भाकरी खात होता. भाकरी संपली, पण तो तिथंच टेकून राहिला.

"ए धनू," रमतीबेनचा आवाज आला, "त्या दिवशी बाई वाचत व्हती ता पुरा नाय वाचला. पुढं काय हाय?"

"आबांना आवडत नाही," धनश्री दबक्या आवाजात म्हणाली.

"तो नाय अठं. वाच तू."

कागद उलगडल्याचा आवाज झाला. सदाशिवला उठून जायचं होतं. गुडघ्यावर हात टेकवून तो अर्धा उठलाही, आणि पोरीचा आवाज सुरू झाला तसा पुन्हा खाली बसला.

"आबा, रात्री तोफ बोलते
तेव्हा मी झोपल्याचं सोंग घेतो.
डोळे मिटले तरी कान उघडेच राहतात.
मला भीती वाटते, आबा.
शेजारचा ओंकार म्हणतो, त्याला नाही वाटत.
पण अंधारात माझं मनगट तो सोडत नाही.
पाय मात्र मागे वळत नाहीत.
मी सांगून पाहिलं त्यांना, चला रे घरी.
ते तुमच्याकडून आलेत.
चिखलात पोटरीपर्यंत रुतून
डोक्यावरचा भारा खाली न टाकणारे.
तुम्हालाही तेव्हा भीती वाटायची का?
मी मागे होतो, लहान होतो.
तुमचा चेहरा मला दिसला नाही."

दूर रस्त्यावरून कारखान्याची बस गेली. मग रमतीबेन म्हणाली, "खरा बोलं पोऱ्या. माझा घरवाला नदीच्या पुरात उतरला व्हता, दुसऱ्याचा बैल काढाया. थरथर कापत व्हता. कापत कापत गेला नं बैल घेऊन आला." ती जराशी थांबली. "नाय भेणारा असता त मंग त्यात काय मोठा?"

गंजीच्या पलीकडे सदाशिव आपल्या पायांकडे बघत होता. चिखल वाळून पोटऱ्यांवर तडकला होता. नखं काळी पडली होती. त्याला ते वर्ष आठवलं. हाताची जखम अजून पुरती भरली नव्हती. ओढा चढला होता आणि सौरभ मागून त्याच्या धोतराचं टोक धरून चालत होता. भारा टाकला असता तर रात्री म्हशींना काही नव्हतं. पाणी मांड्यांना लागलं तेव्हा आपल्याबरोबर पोरगंही वाहून जाईल असं वाटलं होतं. तो पोरावर खेकसला होता, "घट्ट धर." ती भीती त्यानं तेव्हा कुणाला सांगितली नव्हती, नंतरही नाही. पोरानं मात्र विचारून ठेवलं होतं.

तो उठला. गंजीला वळसा घालून बायकांच्या समोरून गेला. त्याला पाहून धनश्रीनं कागद मागे लपवला. सदाशिवनं दाताळं उचललं, उन्हात जाऊन गवत उलटू लागला आणि दिवस मावळेपर्यंत थांबला नाही. घरी जाताना तो धनश्रीला एवढंच म्हणाला, "मॅडमला फोन लाव. म्हणावं, हाय तसं छापा. आणि मले ते जरा मोठ्या अक्षरात लिहून दे."

शनिवारी दुसरा टेम्पो करून तो वाळलेलं गवत वखारीवर घालून आला. तिथून आल्यावर गोठ्यात बसून तोच कागद पुन्हा पुन्हा वाचत राहिला.

रविवारी शाळेचं अंगण भरलं होतं. मंडपात पुढच्या रांगेत कारखान्यांचे मॅनेजर, सरकारी कचेरीतली माणसं, मागे पालक, आणि अगदी कडेला रमतीबेन आणि पाड्यावरच्या बायका. पाहुणे म्हणून फौजेतून निवृत्त झालेले एक अधिकारी आले होते. त्यांच्याआधी एक पुढारी बोलला. बराच वेळ बोलला. भारतमातेचा हा सुपुत्र, भय हा शब्द त्याच्या कोशात नव्हता, असं त्यानं टेबलावर हात आपटून सांगितलं. टाळ्या पडल्या. मालतीनं पदर तोंडाला लावला होता. सदाशिवच्या पायात नवे बूट होते.

सुप्रिया मॅडमनी त्याचं नाव पुकारलं.

माईक त्याच्यासाठी खाली करावा लागला. तो वाचू लागला. शब्दाशब्दाला अडखळत, एखाद्या शब्दावर बोट ठेवून.

"आबा, रात्री... तोफ बोलते. तेव्हा मी झोपल्याचं... सोंग घेतो. डोळे मिटले तरी कान... उघडेच राहतात." त्यानं घसा साफ केला. "मला भीती वाटते, आबा."

नेमका तिथं माईक खरखरला आणि बंद पडला. मंडपाच्या शेवटून कुणीतरी ओरडलं, "ऐकू नाय आला. मोठ्यानं वाचा."

पुढारी खुर्चीत सावरून बसला. मॅडम माईककडे धावल्या, पण सदाशिवनं हातानं त्यांना थांबवलं. त्याला पुढची ओळ घेता आली असती. त्यानं मागची घेतली. रानात बायकांना हाक मारायचा तसा त्याचा आवाज निघाला.

"मला भीती वाटते, आबा."

मग त्यानं बाकीची कविता माईकशिवायच वाचली. मनगटाची ओळ आली तेव्हा निवृत्त अधिकाऱ्यांनी मान खाली घातली. पायांची ओळ आली तेव्हा सदाशिव थांबला आणि मग पुढे गेला. "तुम्हालाही तेव्हा... भीती वाटायची का? मी मागे होतो, लहान होतो. तुमचा चेहरा मला दिसला नाही."

कविता संपली. टाळ्या वाजवाव्यात की नाही, कुणाला कळेना. सदाशिवनं कागदाची घडी केली. तो मंचावरून खाली उतरणार होता, पण उतरला नाही.

"व्हय," तो म्हणाला. कुणाला म्हणाला ते लोकांना कळलं नाही. "वाटायची."

आणि तो पायऱ्या उतरून मालतीशेजारी जाऊन बसला.

निवृत्त अधिकारी उठले. हातातलं लिहून आणलेलं भाषण त्यांनी खिशात टाकलं. "मला आता काही बोलायचं नाही," ते म्हणाले. "त्यानं सांगितलंय ते खरं आहे. आम्हा सगळ्यांना वाटायची." मग ते रांगेत आले आणि सदाशिवसमोर उभे राहून त्यांनी कडक सलाम ठोकला. सदाशिव गडबडून उठला. सलाम कसा करतात ते त्याला ठाऊक नव्हतं. त्यानं हात जोडले.

घरी आले तेव्हा उन्हं कलली होती. सदाशिवनं बूट काढून उंबऱ्याबाहेर ठेवले. म्हशींना वैरण टाकली आणि गोठ्यापुढच्या खाटेवर बसला. मालती चहा घेऊन आली, धनश्री पुस्तकाची प्रत घेऊन. नव्या कागदाचा वास येत होता.

"आणखी काय काय लिहिलंय त्यानं?" सदाशिवनं विचारलं.

धनश्रीनं पानं उलटली. एका पानावर थांबली आणि हसू दाबत म्हणाली, "ही ऐका.

बंकरमध्ये सुभेदार घोरतात,
सगळे जण कानात कापूस घालतात.
मी घालत नाही.
मला वाटतं मी घरीच आहे,
आबा पलीकडच्या खाटेवर आहेत,
आणि गोठ्यातली म्हैस
दचकून उभी राहिली आहे."

मालतीच्या हातातला कप हिंदकळला.

"खोटं लिहिलं हे," सदाशिव म्हणाला. "मी घोरत नई."

"घोरता," मालती म्हणाली.

"म्हैस उभी राहण्याइतका?"

"ती बिचारी रोज उभी राहते."

धनश्रीला हसू आवरेना. मालतीही हसू लागली, चहाचा कप खाटेवर ठेवून, दोन्ही हात गुडघ्यांवर टेकवून. मे महिन्यापासून त्या अंगणात असं कुणी हसलं नव्हतं. सदाशिव आधी रागानं बघत राहिला, मग त्याचेही खांदे हलायला लागले. हसता हसता त्याचे डोळे वाहू लागले. त्यानं ते पुसले नाहीत. बाजूला सरकून त्यानं मालतीला खाटेवर जागा करून दिली.

"वाच पुढं," तो पोरीला म्हणाला. "सगळ्या वाच."